झोतधारी सक्रिय दीर्घिकांचे वर्गीकरण : या चुका टाळा

इंदूरच्या आकाशात शहरी उजेडामुळे अंधुक दीर्घिका दिसत नसल्या, तरी रेडिओ सर्वेक्षणांच्या प्रतिमा सर्वांना खुल्या असल्याने, ज्यांच्या केंद्रातून प्रबळ झोत निघतात अशा दीर्घिकांचा अभ्यास येथील विद्यार्थ्याला घरबसल्या करता येतो.

सर्वाधिक घोळ होतो तो फॅनारॉफ आणि रायली या खगोलशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये रेडिओ प्रतिमेतील आकारावरून मांडलेल्या वर्गीकरणात. दोन्ही बाजूंच्या सर्वांत तेजस्वी भागांमधील अंतराला स्रोताच्या एकूण लांबीने भागावे, उत्तर ०.५ हून कमी आल्यास पहिला वर्ग, अधिक आल्यास दुसरा. मात्र मध्यावरचा बिंदुवत स्रोत या मोजणीतून वगळायचा असतो. तोच सर्वांत तेजस्वी म्हणून धरला, तर टोकांना ठळक हॉटस्पॉट (झोत आदळतो तेथील तेजस्वी ठिपके) असलेली दीर्घिकाही पहिल्या वर्गात जाऊन बसते. उलट चूक एकूण लांबी मोजताना होते. ‘फर्स्ट’ या रेडिओ सर्वेक्षणाची विभेदनक्षमता (जवळचे तपशील वेगळे दाखवण्याची क्षमता) सुमारे ५ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) असल्याने बारकावे उत्तम दिसतात, पण दूरवर पसरलेले फिकट भाग निसटतात, लांबी कमी भरते आणि गुणोत्तर फुगते. म्हणून नारायणगावजवळच्या जीएमआरटी दुर्बिणीने १५० मेगाहर्ट्‌झवर केलेल्या सर्वेक्षणातील प्रतिमा शेजारी ठेवून पाहावी. जुने, विरळ भाग कमी वारंवारतेवर अधिक उजळ दिसतात. केवळ रेडिओ तेजस्वितेवरून वर्ग ठरवणे तर मुळीच योग्य नाही, कारण मंद तेजस्वितेचे दुसऱ्या वर्गातील स्रोतही युरोपातील लोफार या रेडिओ दुर्बिणीला आढळले आहेत.

एकच झोत दिसला म्हणून दुसरा नाहीच, असे मानू नये. आपल्याकडे येणाऱ्या झोताचा प्रकाश सापेक्षतेच्या परिणामाने वाढतो आणि दूर जाणाऱ्याचा घटतो.

झोत जवळजवळ थेट आपल्याकडे रोखलेला असला, की त्या दीर्घिकेला ब्लेझार म्हणतात. वर्णपटातील उत्सर्जन रेषांची समतुल्य रुंदी (आजूबाजूच्या प्रकाशाच्या तुलनेत रेषा किती ठळक आहे, याचे माप) ५ अँगस्ट्रॉमहून कमी असल्यास तो बीएल लॅसर्टी प्रकार, असा रूढ निकष आहे. पण मोजलेल्या रुंदीला ताम्रसृतीत (विश्वाच्या प्रसरणामुळे प्रकाशाची तरंगलांबी किती वाढली, याच्या मापात) एक मिळवून येणाऱ्या संख्येने भागण्याचे अनेकदा राहून जाते. शिवाय झोत भडकलेला असताना त्याच्या प्रखर प्रकाशात रेषा बुडतात. २०१७ मध्ये त्याच्या दिशेने आलेल्या न्यूट्रिनो या अतिसूक्ष्म कणामुळे गाजलेला टीएक्सएस ०५०६+०५६ हा ब्लेझार बीएल लॅसर्टी मानला जात होता, परंतु त्याच्या रेषा अशाच झाकल्या गेल्या असून तो मुळात सपाट वर्णपटाचा क्वेसार (ठळक रेषा असलेला ब्लेझारचा दुसरा प्रकार) आहे, असे २०१९ मध्ये मांडले गेले. त्यामुळे रुंदीसोबत वर्णपट घेतल्याची तारीख आणि त्या वेळची तेजस्विता नोंदवावी, आणि शक्य असल्यास झोत मंदावल्यावरचा वर्णपटही तपासावा.