अंजनेरीला जाण्याआधी घरी शाडूची माती मळा

त्र्यंबक रस्त्यावरच्या अंजनेरीतलं नाणेसंग्रहालय नाशिककरांनी मुलांना आवर्जून दाखवावं. नाणी पाडणं हे केवढं जुनं तंत्रज्ञान आहे, ते तिथे कळतं. पण काचेमागची नाणी मुलं पाच मिनिटांत उरकतात, म्हणून थोडी तयारी घरीच करून जा.

शाडूच्या मातीची चपटी गोळी करा. तिच्यावर एक नाणं दाबा, मग त्याच ठशावर थोडं तिरकं करून दुसरं नाणं दाबा. पहिल्याच्या खुणा दुसऱ्याखालून डोकावतात. हेच मोठ्या प्रमाणावर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने केलं! १९०६ साली आपल्याच जिल्ह्यात जोगळटेंभीला चांदीच्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा साठा सापडला. ती सातकर्णीने हरवलेल्या नहपान या क्षत्रप राजाची नाणी, पण त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातकर्णीने आपला छाप मारलेला होता. पराभूत राजाची नाणी वितळवायचीही गरज पडली नाही. हे हाताने करून पाहिलेलं मूल संग्रहालयात आपणहून असे दुहेरी ठसे शोधू लागतं.

जाताना खिशात सुटे पैसे ठेवा. आजच्या नाण्यावर सालाखाली टांकसाळीची खूण असते: पत्त्यांतली चौकट मुंबईची, चांदणी हैदराबादची, ठिपका नोएडाचा, काहीच नसेल तर कोलकाता. गाडीत हा खेळ चांगला रंगतो.

निघण्यापूर्वी फोन करून वेळ विचारून घ्या, विशेषतः सुट्टीच्या दिवशी.