टॅरंटुलाच्या पेटीत कुठली माती घालावी?

टॅरंटुला म्हणजे हौसेनं पाळला जाणारा मोठा, केसाळ कोळी. सांगली-मिरज भागात त्याच्या मातीसाठी लांब जावं लागत नाही. ट्रेमध्ये भाजीची रोपं तयार करणाऱ्या रोपवाटिकेत कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, असतोच. मात्र कुंड्यांसाठी कालवलेलं तयार मिश्रण उचलू नका. त्यात शेणखत, निंबोळी पेंड, कधी दाणेदार कीटकनाशकही असतं, आणि किडीला मारणारं औषध कोळ्यालाही मारतं. कोरं, धुतलेलं, ‘लो ईसी’ म्हणजे कमी क्षारांचं कोकोपीट मागा.

कोकोपीटची 650 ग्रॅमची वीट 3-4 लिटर पाण्यात फुगून साधारण 8-9 लिटर होते. कच्च्या कोकोपीटमध्ये क्षार असतात, म्हणून दोन-तीनदा पाणी बदलून पिळा. ओळखीत कुणी द्राक्षबागायतदार असेल तर त्याचा ईसी मीटर (पाण्यातले क्षार मोजणारा) मागून आणा. पिळलेल्या पाण्याचा आकडा 1 mS/cm च्या आत आला की पुरे.

झाडावर राहणाऱ्या जातींना नुसत्या कोकोपीटचा 5-7 सेंटिमीटर थर चालतो. बीळ करणाऱ्यांना नाही. सुकलं की ते भुसभुशीत होतं आणि बीळ ढासळतं, म्हणून त्यात माती हवी. इथंच बहुतेकांची चूक होते, कारण हाताशी असते ती काळी माती. ती ओली असताना चिकटते, सुकल्यावर बोट जाईल एवढी भेगाळते आणि दगडासारखी घट्ट होते. शिवाय ऊस-द्राक्षाच्या रानातली असली तर फवारणीचा अंश आलाच. वाई-महाबळेश्वरकडची तांबडी माती चांगली, पण स्ट्रॉबेरीच्या वाफ्यातली नको. कास पठारावरची तर मूठभरही उचलू नका.

माती चाळून, किंचित ओली करून, झाकलेल्या जुन्या पातेल्यात अर्धा तास वाफवा. गार झाल्यावर दोन भाग कोकोपीटला एक भाग माती घाला. मुठीत लाडू वळला पाहिजे, पण बोटांतून पाणी गळता कामा नये. हे मिश्रण 4-5 सेंटिमीटरच्या थरांनी, प्रत्येक थर मुठीनं दाबत भरा. एकदम ओतलं तर खाली पोकळ राहतं. खोल बीळ करणाऱ्या जातीला 20-25 सेंटिमीटर, तर मेक्सिकोच्या ब्रॅकिपेल्मा हॅमोरी या जातीला 10-15 पुरतात. (हॅमोरी सायटिसच्या, म्हणजे धोक्यातल्या प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत आहे; पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंद करायला विसरू नका.) अर्धी करवंटी तिरकी रोवून खाली अंगठ्यानं बिळाची सुरुवात करून द्या.

जमिनीवर किंवा बिळात राहणाऱ्या जातींसाठी माती आणि झाकण यांतलं अंतर कोळ्याच्या पायांच्या पसाऱ्याच्या दीडपटीहून जास्त नको. काचेवरून पडला तर त्याचं पोट फुटू शकतं. खडी, टोकदार दगड त्याच कारणासाठी टाळा.

एप्रिल-मेमध्ये वरचा थर लवकर कोरडा पडतो. तेव्हा फवारा मारत बसू नका. एका कोपऱ्यात काचेच्या कडेनं पाणी सोडा, म्हणजे खालचा थर भिजेल. पावसाळ्यात हॅमोरीला पाण्याची भरलेली वाटी पुरते. त्या दिवसांत खाऊन उरलेला किडा दुसऱ्याच दिवशी काढा, नाहीतर बुरशी आणि माइट्स (बारीक कोळीकिडे) तिथूनच सुरू होतात.

नव्या पेटीत कोळी पहिले काही दिवस काचेलाच चिकटून बसतो, घाबरू नका. दोन आठवड्यांनंतरही तो खाली उतरत नसेल तर बहुधा माती जास्त ओली आहे. सतत पाण्याच्या वाटीवर बसत असेल तर कोरडी.