दहावीचं भौतिकशास्त्र आणि इंग्रजी: उत्तर येत असूनही गुण जातात, या चुका टाळा

दिवाळीची सुट्टी संपली की सातारा-सांगलीकडच्या शाळांत दहावीच्या जादा तासांना जोर चढतो. माण-खटाव असो की जत-आटपाडी, पहाटेची एसटी पकडून मुलं साडेसातला वर्गात बसलेली असतात. एवढे कष्ट करणाऱ्या मुलाचे गुण उत्तरच न आल्यामुळे गेले तर समजू शकतं. पण सराव परीक्षेचे पेपर नीट तपासले तर दिसतं की बरेच गुण येत असलेल्या उत्तरांतच जातात. सूत्र बरोबर असतं, चिन्ह चुकतं. उताऱ्याचा अर्थ कळलेला असतो, वाक्य मात्र मराठी वळणाचं होतं. शेवटच्या दोन-अडीच महिन्यांत नवीन काही शिकवण्यापेक्षा ही गळती थांबवली तर फायदा जास्त होतो.

भिंगाचं गणित: सगळ्यात मोठी गळती

नववीत आरशाचं सूत्र असतं. त्यात प्रतिमेच्या अंतराचा व्यस्त (१ भागिले ते अंतर) आणि वस्तूच्या अंतराचा व्यस्त यांची बेरीज करायची असते. दहावीत भिंगाचं सूत्र येतं आणि तिथे त्याच दोन व्यस्तांची वजाबाकी असते. मुलाच्या डोक्यात नववीचं सूत्र पक्कं बसलेलं असतं आणि घाईत तेच उतरतं. विशालनाचंही (प्रतिमा वस्तूच्या किती पट, त्याचं) तसंच आहे. आरशासाठी त्यात ऋण चिन्ह असतं, भिंगासाठी नसतं. म्हणून दोन्ही सूत्रं एकाच कागदावर शेजारी शेजारी लिहून घ्या आणि फरक असलेल्या चिन्हाला लाल गोल करायला लावा. नुसतं ‘पाठ करा’ म्हणून हे सुटत नाही.

दुसरी चूक चिन्हसंकेताची. वस्तू भिंगाच्या डावीकडे ठेवतात, म्हणून वस्तूचं अंतर ऋण. बहिर्वक्र भिंगाचं नाभीय अंतर धन, अंतर्वक्राचं ऋण. एक उदाहरण घेऊ. बहिर्वक्र भिंगाचं नाभीय अंतर २० सेमी आहे आणि वस्तू ३० सेमीवर आहे. आधी ‘दिलेले’ म्हणून चिन्हासकट लिहायचं: नाभीय अंतर = +२० सेमी, वस्तूचं अंतर = −३० सेमी. मग प्रतिमेच्या अंतराचा व्यस्त = १/२० − १/३० = १/६०. प्रतिमा +६० सेमीवर. विशालन = ६० ÷ (−३०) = −२, म्हणजे प्रतिमा उलटी, वास्तव आणि दुप्पट मोठी.

चिन्ह विसरलं तर १/२० + १/३० = १/१२ होतं आणि मूल १२ सेमी लिहून पुढे जातं. इथे पडताळणीची सवय कामाला येते. वस्तू २० आणि ४० सेमीच्या मध्ये, म्हणजे नाभी आणि तिच्या दुप्पट अंतरामध्ये आहे. तेव्हा प्रतिमा ४० सेमीच्या पलीकडेच हवी. १२ आलं म्हणजे चूक झाली, हे मुलाला स्वतःलाच कळतं. किरणाकृतीचा धडा आणि गणिताचा धडा वेगवेगळ्या आठवड्यांत शिकवला जातो, म्हणून हा धागा तुटतो. प्रत्येक गणिताआधी अर्ध्या मिनिटात कच्ची किरणाकृती काढायला लावा.

आणखी दोन बारीक गोष्टी. १/६० आलं की काही मुलं ‘प्रतिमेचं अंतर = १/६०’ असंच लिहून सोडतात, उलटं करायचं राहून जातं. आणि भिंगाची शक्ती काढताना सेंटिमीटर तसेच ठेवतात. २० सेमी म्हणजे ०.२ मीटर, म्हणून शक्ती ५ डायॉप्टर. १/२० करून ०.०५ लिहिलं तर उत्तर शंभर पट चुकलं.

एककांचा घोळ आणि ‘हे शक्य आहे का?’

गुरुत्वाकर्षणाच्या गणितात कालावधीचा वर्ग करायचा राहतो, वर फेकलेल्या वस्तूसाठी गुरुत्वत्वरण ऋण घ्यायचं राहतं, किलोमीटरचे मीटर होत नाहीत. याला एकच औषध आहे: उत्तर डोळ्यासमोर आणायचं. कोयना धरणाची उंची सुमारे १०३ मीटर. तेवढ्या उंचीवरून दगड सोडला तर हवेचा विरोध सोडून तो साधारण ४.६ सेकंदांत खाली येतो आणि पोचताना त्याचा वेग सुमारे ४५ मी/से असतो, म्हणजे तासाला जवळपास १६२ किमी. हा आकडा एकदा डोक्यात बसला की एखाद्या इमारतीवरून पडलेल्या चेंडूचा वेग ४५० मी/से आल्यावर मूल स्वतःच थबकतं. ताशी ६० किमीने जाणारी एसटी सेकंदाला १६.७ मीटर जाते, हेही पाठ असू द्या. ताशी किलोमीटरचे सेकंदाला मीटर करताना ५/१८ ने गुणायचं की १८/५ ने, हा गोंधळ त्यातूनच मिटतो.

उपग्रहाच्या गणितात भूपृष्ठापासूनची उंची आणि पृथ्वीच्या केंद्रापासूनचं अंतर यांची अदलाबदल होते. ३५,७८० किमी उंचीवरच्या उपग्रहाचा वेग काढताना त्यात पृथ्वीची त्रिज्या ६४०० किमी मिळवायची असते. तेव्हा ३.०८ किमी/से येतं. नुसती उंची घातली तर ३.३४ येतं. उत्तर विश्वास ठेवण्यासारखं दिसतं, म्हणूनच ही चूक जास्त फसवी.

विजेच्या बिलाचं गणित आपल्याकडच्या मुलांना सोपं जायला हवं, कारण शेतीपंप घरोघरी आहे. ५ अश्वशक्तीचा पंप रोज ४ तास चालला. १ अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट, म्हणून ३७३० वॅट. पंपाच्या कार्यक्षमतेचा विचार बाजूला ठेवला तर दिवसाला ३.७३ × ४ = १४.९२ युनिट. वॅटचे किलोवॅट केले नाहीत तर १४,९२० युनिट येतात. एवढं बिल आलं तर घरात काय होईल, हे मुलाला विचारा, पुन्हा ते विसरणार नाही. उलट, उष्णता ज्यूलमध्ये विचारली असेल तर तास आणि मिनिटांचे सेकंद करायचे. एकाच पाठात एका गणिताला तास लागतात आणि दुसऱ्याला सेकंद, इथेच गल्लत होते.

फ्लेमिंगच्या नियमांबाबत एक साधी, पण नेहमी निसटणारी गोष्ट. चलित्राला (मोटर) डावा हात, जनित्राला (जनरेटर) उजवा. परीक्षेत उजव्या हातात पेन असतं, त्यामुळे मोकळा डावा हातच उचलला जातो आणि उजव्या हाताच्या अंगठ्याच्या नियमातही दिशा उलटी येते. पेन बाकावर ठेवायचं आणि मगच हात उचलायचा, ही सवय सराव परीक्षेपासूनच लावा.

उष्णता: मधली पायरी गळते

−१० अंश सेल्सिअसच्या १० ग्रॅम बर्फाचं २० अंशाच्या पाण्यात रूपांतर करायला किती उष्णता लागेल? तीन टप्पे आहेत. बर्फ −१० वरून ० वर आणणं: १० × ०.५ × १० = ५० कॅलरी. बर्फ वितळवणं: १० × ८० = ८०० कॅलरी. पाणी ० वरून २० वर नेणं: १० × १ × २० = २०० कॅलरी. एकूण १०५० कॅलरी. बहुतेक मुलं मधला टप्पा गाळतात, आणि ८०० कॅलरी तर त्याच टप्प्यात आहेत. कारण उघड आहे: त्या वेळी तापमान बदलत नाही, म्हणून ‘तापमानातील फरक’ या सवयीत तो टप्पा दिसतच नाही. गणिताआधी तापमान-काळ आलेख काढून त्यातली आडवी रेघ दाखवली की तो टप्पा डोळ्यांना दिसतो.

इथे शिक्षकांसाठी एक सूचना. अवस्थांतराच्या वेळी तापमान स्थिर राहतं हे सांगताना गुऱ्हाळातल्या काहिलीचं उदाहरण देण्याचा मोह होतो. ते देऊ नका. रस आटत जातो, त्यातली साखर दाट होत जाते आणि उत्कलनबिंदू चढत जातो, म्हणून तिथे तापमान स्थिर नसतं. साधं पाणी घ्या. काहिलीचं उदाहरण हुशार मुलालाच गोंधळात टाकतं.

‘शास्त्रीय कारणे लिहा’मध्ये प्रश्नच उलटा करून लिहायची सवय फार आहे. ‘बल्बच्या कुंतलासाठी टंगस्टन वापरतात, कारण ते योग्य असते’ याला गुण मिळत नाहीत. साखळी हवी: कुंतल, म्हणजे बल्बमधली तार, खूप तापलं की प्रकाश देतं; टंगस्टनचा द्रवणांक सुमारे ३४०० अंश सेल्सिअस आहे; म्हणून ते त्या तापमानालाही वितळत नाही. दोन-तीन छोटी वाक्यं पुरेत. आकृती पेन्सिलने, किरणांवर बाण, आभासी किरण तुटक रेषेने, स्तंभिका (पृष्ठभागाला लंब रेषा) हीही तुटक, आणि नावं एका बाजूला. बाण नसलेली किरणाकृती म्हणजे नुसत्या रेघा.

इंग्रजी: मराठी कानाचा उपयोग करा, मराठी वाक्याचा नको

मराठी माध्यमाचं मूल इंग्रजीत चुकतं ते बहुधा मराठीच्या नियमानुसार बरोबरच चुकत असतं. चूक कुठून आली हे दाखवलं तर ती सुधारते. नुसती लाल रेघ मारून नाही.

‘अ’ आणि ‘ॲन’ घ्या. ‘स्वर असेल तर ॲन’ एवढंच शिकवलं की मूल स्पेलिंगचं पहिलं अक्षर बघतं आणि फसतं. त्याऐवजी शब्द देवनागरीत लिहायला सांगा. सुरुवात स्वराने झाली तर ‘ॲन’, व्यंजनाने झाली तर ‘अ’. ‘अवर’ (तास) हा शब्द अ ने सुरू होतो, म्हणून ‘ॲन अवर’, स्पेलिंग एचने सुरू होत असलं तरी. ‘युनिव्हर्सिटी’ य ने, म्हणून ‘अ युनिव्हर्सिटी’. ‘वन-वे रोड’ व ने, म्हणून ‘अ’. ‘एमएलए’ ए ने, म्हणून ‘ॲन’. इथे आपली लिपी इंग्रजीपेक्षा प्रामाणिक आहे, तिचा फायदा घ्या.

स्पेलिंगमध्ये मात्र हीच लिपी घात करते, कारण आपण जसं बोलतो तसं लिहितो. ‘ग्रामर’च्या शेवटी ए-आर आहे, ई-आर नाही. ‘सेपरेट’मध्ये पी नंतर ए येतो. ‘अकोमोडेशन’मध्ये सी दोन आणि एमही दोन. अशा शब्दांची वहीच्या मागच्या पानावर यादी ठेवा. मुलाच्या स्वतःच्या चुकांचीच, गाइडमधली तयार यादी नको.

क्रियापदांत तीन चुका वारंवार येतात. ‘ही’, ‘शी’ किंवा एकवचनी नामानंतर साध्या वर्तमानकाळात एस राहून जातो. ‘डिड’नंतर पुन्हा भूतकाळ येतो: ‘डिड नॉट वेंट’. ‘डिड’नेच भूतकाळ सांगून झालेला असतो, पुढे मूळ रूप ‘गो’ हवं. तिसरी म्हणजे ‘आहे’ दिसलं की ‘इज’ किंवा ‘ॲम’ घालणं: ‘आय ॲम ॲग्री’. मराठीत ‘मी सहमत आहे’, म्हणून मुलाने ‘ॲम’ घातलं. पण इंग्रजीत ‘ॲग्री’ हेच क्रियापद आहे. ‘डिस्कस अबाउट’चंही तसंच. ‘विषयी’चा अर्थ ‘डिस्कस’मध्येच आहे.

उतारा, सारांश, पत्र

उताऱ्यात अख्खी ओळ उचलून लिहिली जाते आणि त्यातला ‘आय’ तसाच राहतो. प्रश्न लेखकाबद्दल असेल तर उत्तरात ‘ही’ किंवा ‘शी’ हवं. आधी प्रश्न वाचायचे, मग उतारा, आणि उत्तर सापडलं त्या ओळीशी पेन्सिलने प्रश्नाचा क्रमांक टाकायचा. स्वतःचं मत विचारणारा प्रश्न मुलं कोरा सोडतात, कारण ‘पुस्तकात नाही’. तिथे सोपी, शुद्ध दोन-तीन वाक्यं पुरतात.

सारांश म्हणजे एकाआड एक वाक्य उतरवणं नव्हे. उताऱ्याच्या साधारण एक तृतीयांश, उदाहरणं वगळून, स्वतःच्या शब्दांत, आणि वर शीर्षक. शीर्षक शेवटी लिहू म्हणून ठेवलं की हमखास राहून जातं.

पत्रात मिश्रण नको. ‘डिअर सर’ने सुरू झालेलं पत्र ‘युवर लव्हिंग’ने संपत नाही. ‘युवर्स’मध्ये अपॉस्ट्रॉफी नसते. सगळ्यात महत्त्वाचं, स्वतःचं खरं नाव आणि गाव घालायचं नाही, प्रश्नात दिलेलं नावच लिहायचं.

भाषांतरात इंग्रजी म्हणीचं शब्दशः मराठी नको, आपल्याकडची म्हण हवी. ‘एम्प्टी व्हेसल्स मेक द मोस्ट नॉइज’ला ‘रिकामी भांडी जास्त आवाज करतात’ असं नाही, ‘उथळ पाण्याला खळखळाट फार’ असं लिहायचं. घरात आजी असेल तर दोन रविवार तिच्याजवळ बसून म्हणी गोळा करा. इतकी सोपी तयारी दुसरी नाही.

कवितेच्या रसग्रहणासाठी एकच साचा पाठ करून सगळ्या कवितांना लावतात आणि यमकाची रचना भलत्याच कवितेची येते. प्रत्येक कवितेच्या ओळींचे शेवटचे शब्द मोठ्याने वाचून ती रचना स्वतः काढायला शिकवा.

घड्याळ

भौतिकशास्त्र ज्यात येतं तो विज्ञान भाग १ म्हणजे ४० गुण आणि २ तास, गुणामागे ३ मिनिटं. ३ गुणांच्या प्रश्नाला ९ मिनिटांपेक्षा जास्त नाही. इंग्रजीला ८० गुण आणि ३ तास, म्हणजे ५ गुणांच्या लेखनाला सव्वाअकरा मिनिटं. घरी सोडवलेला पेपर बहुधा वेळ न लावता सोडवलेला असतो, त्यामुळे परीक्षेत शेवटचं लेखन अर्धवट राहतं. डिसेंबरपासून आठवड्याला एक पेपर घड्याळ लावून, मध्ये न उठता सोडवा. तपासून आल्यावर प्रत्येक गेलेल्या गुणापुढे एकच अक्षर: ‘च’ म्हणजे चिन्ह किंवा एकक, ‘व’ म्हणजे वाचनात चूक, ‘न’ म्हणजे मुळात आलंच नाही, ‘ळ’ म्हणजे वेळ संपला. चार पेपरांनंतर कोणतं अक्षर सगळ्यात जास्त आलं ते मोजा आणि पुढचा आठवडा फक्त त्यावर घालवा.