शिकारीचा सुरा निवडताना पन्हळीबाबतच्या या चुका टाळा

पात्याच्या दोन्ही अंगांना, पाठीच्या जवळून कोरलेल्या पन्हळीला ‘रक्ताची पन्हळ’ समजणे ही या विषयातली सर्वांत जुनी चूक आहे. रुतलेले पाते मांसात आवळले जाते आणि पन्हळीतून हवा किंवा रक्त वाहिल्यावरच ते सुटते, असे आजही सांगितले जाते. प्रत्यक्षात साधे पातेही तितक्याच सहजपणे बाहेर निघते. पन्हळ असते ती वजन कमी करण्यासाठी, आणि तिचा खरा उपयोग तलवारीसारख्या लांब पात्यात दिसतो.

पन्हळीमुळे पाते मजबूत होते, हेही अर्धसत्यच आहे. पोलाद काढून कोणतेही पाते अधिक ताठ होत नाही; तेवढ्याच वजनाच्या पातळ सपाट पात्याच्या तुलनेत ते ताठ राहते, इतकेच. म्हणून हरणाच्या छातीचे हाड पाते पिळून फोडण्याचा प्रयत्न दोन्ही प्रकारच्या सुऱ्यांनी टाळावा.

साधा हिशेब करून पाहावा. ८ सेंटिमीटर लांब, ५ मिलिमीटर रुंद आणि ०.८ मिलिमीटर खोल पन्हळ दोन्ही बाजूंना कोरली, तर जेमतेम ३ ते ५ ग्रॅम पोलाद निघते, जे हाताला जाणवतही नाही. अमेरिकेत लोकप्रिय असलेल्या बक ११९ या सुऱ्याला पन्हळ आहे, पण पांढऱ्या शेपटीच्या हरणाचे पोट उघडताना अडचण होते ती त्याच्या सुमारे १५ सेंटिमीटर लांबीची, कारण न दिसणारे टोक आतड्यात घुसून मांस नासू शकते. या कामाला स्वीडनच्या मोरा सुऱ्यांसारखे सुमारे १० सेंटिमीटरचे, पन्हळ नसलेले पाते मला अधिक योग्य वाटते. लांबी, मुठीची पकड आणि धार आधी पाहावी; पन्हळ सर्वांत शेवटी.

पन्हळीचा सुरा आधीच घेतला असेल, तर सर्वाधिक लक्ष स्वच्छतेकडे द्यावे. फडक्याने पाते पुसले की सपाट भाग चकचकीत होतो, पण पन्हळीच्या टोकांशी रक्त आणि चरबी वाळून बसते. रक्तातल्या क्षारांमुळे कार्बन पोलादावर तिथेच गंजाचे खड्डे पडू लागतात. काम संपताच कोमट पाणी, साबण आणि जुना दात घासण्याचा ब्रश वापरून पन्हळ धुवावी, पूर्ण कोरडी करावी आणि खाद्योपयोगी खनिज तेलाचा पातळ हात फिरवावा. सुरा महिनोन्‌महिने कातडी म्यानात ठेवू नये, कारण कातडे ओलावा धरून ठेवते.