सजीव की निर्जीव? ओळखताना या चुका टाळा

हालचाल दिसली की सजीव, हा नियम सगळ्यांत आधी फसतो. ढग सरकतात, नदी वाहते. उलट प्रवाळ हा प्राणी असूनही अळीची अवस्था संपली की सहसा एका जागी चिकटून असतं. वाढीचंही तेच. संपृक्त द्रावणात दोऱ्याला टांगलेला तुरटीचा खडा दिवसागणिक मोठा होतो, पण त्याच्यावर थर बाहेरून चढतात. रोपटं पेशी विभागून आतून वाढतं. म्हणून ‘वाढतं का’ यापेक्षा ‘कसं वाढतं’ हे विचारा.

एकाच लक्षणावर निकाल देऊ नका. ज्योत ऑक्सिजन घेते, कार्बन डायऑक्साइड सोडते, पसरतेही. मात्र तिच्यात पेशी नाही आणि आनुवंशिक माहितीही नाही. खेचर बहुधा वांझ असतं, तरी ते सजीवच. विषाणू तर दोन्ही रकान्यांत बसत नाही: 1935 मध्ये अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ वेंडेल स्टॅन्ली यांनी तंबाखूच्या पानांवर रोग पाडणाऱ्या विषाणूचे स्फटिक मिळवले, आणि त्या स्फटिकांनी पुन्हा रोग होत होता.

वाळलेलं लाकूड दगडाच्या रांगेत टाकणं ही आणखी एक ढोबळ चूक. ते मृत आहे, म्हणजे कधीकाळी सजीव होतं. सूक्ष्मदर्शकाखाली पेशीभित्ती अजून दिसतात.

कोरडं बी मात्र मेलेलं नसतं, सुप्त असतं. इस्राएलमधल्या मसाडा किल्ल्यावर सापडलेलं खजुराचं सुमारे 2000 वर्षांपूर्वीचं बी 2005 मध्ये रुजलं.

बी जिवंत आहे हे दाखवायला श्वसनाचा प्रयोग करतात आणि तो हमखास बिघडतो. वाटाण्याचे 20-25 दाणे रात्रभर भिजवा, ओल्या कापसावर बाटलीत ठेवा, आत चुन्याच्या निवळीची छोटी नळी टांगा आणि बूच घट्ट लावा. दुसऱ्या बाटलीत तेवढेच दाणे, पण उकळून गार केलेले. ही दुसरी बाटली वगळली तर प्रयोगाला अर्थच उरत नाही, कारण निवळी हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनेही हळूहळू गढूळ होते. दाणे पाण्यात बुडवून ठेवू नका; ऑक्सिजन तुटतो.

साधारण एका दिवसात पहिली निवळी दुधाळ दिसायला हवी. निरीक्षण तेव्हाच नोंदवा. तीन-चार दिवस थांबलात तर उकळलेले दाणे कुजू लागतात, त्यांवरचे जीवाणू श्वसन करतात आणि तीही निवळी दुधाळ होते. मग मेलेलं बी श्वास घेतं असा भलताच निष्कर्ष निघतो! दोन्हीकडचे दाणे आधी सौम्य जंतुनाशकाने धुतले तर हा घोळ कमी होतो.

आणि दुधाळ झालेली निवळी पुन्हा नितळ दिसली तर श्वसन थांबलं असं समजू नका. वायू जास्त झाला की तयार झालेलं कॅल्शियम कार्बोनेट विरघळणाऱ्या बायकार्बोनेटमध्ये बदलतं.