पावसात सोलर इन्व्हर्टर ‘आयसोलेशन फॉल्ट’ दाखवतोय? आधी मीटर लावा

आयसोलेशन फॉल्ट म्हणजे पॅनेलच्या डीसी वायरमधून अर्थकडे वीज गळतेय. सकाळी दव किंवा पाऊस असताना फॉल्ट येतो आणि दुपारी उन्हात आपोआप जातो, तेव्हा बहुतेक वेळा कुठेतरी डीसी वायरमध्ये ओल शिरलेली असते. म्हणून तपासणी फॉल्ट दिसत असतानाच करा, पण छत निसरडं असेल तर वर चढू नका.

आधी एसी एमसीबी, मग डीसी आयसोलेटर (पॅनेलकडची वीज तोडणारा स्विच) बंद करा. लोड चालू असताना एमसी४ कनेक्टर (पॅनेलच्या वायरी जोडणारे प्लग) कधीही ओढू नका, आर्क म्हणजे मोठी ठिणगी होते. आयसोलेटर बंद केला तरी ऊन असेपर्यंत स्ट्रिंग (एकापाठोपाठ जोडलेल्या पॅनेलची रांग) जिवंतच असते. १००० व्होल्ट डीसीचा मीटर आणि इन्सुलेटेड हातमोजे हवेतच.

डीसीडीबीतला (पॅनेलच्या वायरी येतात तो डीसी बॉक्स) एसपीडी, म्हणजे व्होल्टेजच्या झटक्यापासून वाचवणारा भाग, काढून ठेवा, कधीकधी दोषी तोच असतो. मग प्रत्येक स्ट्रिंग सुटी करून प्लस-मायनस, प्लस-अर्थ आणि मायनस-अर्थ व्होल्टेज मोजा. चांगल्या स्ट्रिंगमध्ये अर्थकडचं रीडिंग शून्याकडे उतरत जातं. समजा १२ पॅनेलना ४९२ व्होल्ट, म्हणजे पॅनेलमागे ४१. प्लस-अर्थ ३२८ आणि मायनस-अर्थ १६४ व्होल्टवर स्थिर राहिले. १६४ भागिले ४१ म्हणजे ४. मायनसकडून चौथ्या-पाचव्या पॅनेलच्या जोडाजवळ शोधा. बेरीज ४९२ पेक्षा कमी आली तरी गुणोत्तर तेच सांगतं.

तिथे काय सापडतं? क्लॅम्पखाली चिमटलेली वायर, स्ट्रक्चरच्या धारदार कडेवर घासलेलं इन्सुलेशन, उंदराने कुरतडलेला तुकडा, किंवा दोन वेगळ्या कंपन्यांचे जोडलेले एमसी४. टेप गुंडाळून भागवू नका. वायर आणि कनेक्टर बदलाच.