रेंजरची फेरी चुकू नये म्हणून घड्याळ आधी लावा

अमेरिकेत लास वेगासला उतरून झायन (युटा राज्य) आणि ग्रँड कॅनियन (ॲरिझोना राज्य) ही राष्ट्रीय उद्यानं एकाच सहलीत करणाऱ्यांची रेंजरबरोबरची, म्हणजे उद्यानाच्या कर्मचाऱ्याबरोबरची, फेरी किंवा व्याख्यान हमखास हुकतं ते घड्याळामुळे. युटा वेगासच्या एक तास पुढे. ॲरिझोना मात्र उन्हाळ्यात युटासारखं घड्याळ एक तास पुढे करत नाही, म्हणून मार्च ते नोव्हेंबर ग्रँड कॅनियनमध्ये 9 वाजलेले असतात तेव्हा झायनमध्ये 10. त्यात वाटेतल्या नाव्हाहो या मूळ रहिवासी जमातीच्या प्रदेशात उन्हाळ्यात युटाचीच वेळ! सीमेजवळ मोबाइल कधी या टॉवरची वेळ दाखवतो, कधी त्या.

1. फोनच्या सेटिंगमध्ये ऑटोमॅटिक टाइम झोन बंद करा.
2. झायनसाठी ‘सॉल्ट लेक सिटी’ किंवा ‘डेन्व्हर’, ग्रँड कॅनियनसाठी ‘फिनिक्स’ निवडा.
3. एनपीएस (अमेरिकेची राष्ट्रीय उद्यान सेवा) ॲपमध्ये ते उद्यान ऑफलाइन सेव्ह करा. दरीत रेंज मिळेलच असं नाही, आणि त्या दिवशीचे कार्यक्रम त्यातच दिसतात.

झायनमध्ये शटलच्या (उद्यानातल्या बसच्या) रांगेसाठी वेगळा वेळ ठेवा. रेंजर वेळेवर निघतात, आणि एखाद्या खडकापाशी थांबून ते जे दाखवतात ते पाटीवर वाचून कळत नाही.

परतीच्या विमानाआधी ऑटोमॅटिक पुन्हा चालू करायला मात्र विसरू नका.